रंग सांगायचा राहिलेली साडी

दादा,

तुझ्या दहाव्याला घाटावर सरपंचांनी पुन्हा तेच सांगितलं. आंधळ्या बहिणीसाठी ज्यानं मिलिटरीची नोकरी लाथाडली, असा भाऊ पंचक्रोशीत झाला नाही, होणार नाही. माइक लावला होता, त्यामुळे नदीपलीकडच्या वस्तीलाही ऐकू गेलं असणार. माझ्या आजूबाजूला बांगड्यांचा एकदम आवाज झाला, म्हणजे बायकांनी डोळ्याला पदर लावले. मी खाली मान घालून बसले. माझ्यामागं कुठंतरी रहिमाननं घसा खाकरला. सुभेदार होऊन रिटायर झालेला माणूस, तुझ्याबरोबर भरतीच्या रांगेत उभा राहिलेला. त्याला काय ठाऊक नाही? पण तोही गप्प, मीही गप्प. कावळा मात्र लगेच शिवला. तुला भाषण पसंत पडलं, असं लोकांनी धरलं. मला वाटतं तुला ते एकदाचं संपवायचं होतं.

मला या गोष्टीचा वीट आलाय, दादा. तू जिवंत असताना निदान तुझ्या पाठीत गुद्दा तरी घालता येत होता.

मला देवी आल्या तेव्हा मी चार वर्षांची होते आणि तू सहाचा. मी वाचले, डोळे गेले. अंथरुणातून उठले तेव्हा आईनं माझा हात तुझ्या हातात दिला आणि सांगितलं, "हिला दिसत न्हाई, तू बघून सांगत जा." तू ते लय मनावर घेतलंस. आलेल्या पाहुण्याच्या नाकातले केससुद्धा तू मला पाहुण्यासमोर सांगायचास. मामी जेवायला वाढताना तोंड वाकडं करते, हे मला तुझ्यामुळं कळलं आणि मी ते मामीला विचारलं, तेव्हा मार तू खाल्लास. आभाळ, बैल, यष्टीची गाडी, कुणाच्या परड्यात काय वाळत घातलंय, सगळं तू सांगायचास. रंगासकट.

माझ्याकडं डोळे जायच्या आधीचा एकच रंग शिल्लक होता, आईच्या कपाळावरच्या कुंकवाचा. बाकीचं सगळं पुसून गेलं, पण तो कसा कोण जाणे राहिला. मी तुला विचारायची, हे कुंकवासारखं आहे का, ते कुंकवासारखं आहे का. तू एकदा म्हणालास, "कुंकू व्हय, मातीसारखं असतंय की." मी म्हणाले, नसतं. तू म्हणालास, असतं, तुला आठवत न्हाई. मी तुझ्या मनगटाला चावले आणि तू माझी वेणी ओढलीस. आई धावत आली आणि तिनं तुझी बाजू घेतली, कारण डोळे तुला होते. मलाही ते पटलं. ज्याला दिसतं त्याचंच खरं असणार. पुढं गल्लीतल्या पोरींशी बोलायला लागले तेव्हा कळलं की त्यांच्या जगात रंग पुष्कळ आहेत. तुझ्या जगात दोनच घराणी होती, एक आभाळाचं आणि एक मातीचं. गवत, वीट, आंब्याची पानं, मामीचं लुगडं, सगळं मातीच्या घराण्यातलं. तरी मी तुझ्यावर संशय घेतला नाही. पोरीच खोटं सांगतात असं मला वाटलं.

मग मिरचीनं सांगितलं. आपल्या मळ्यात उसाच्या कडेनं मिरची असायची. पिकलेली तेवढी खुडून वाळवायची आणि हिरवी झाडावर ठेवायची. तू मला बोटाला धरून सरीत न्यायचास. गावाला त्याचं केवढं कौतुक. भाऊ बघा कसा, आंधळ्या बहिणीला घरात कुजू देत नाही, कामाला लावतो. तू फांदी माझ्यापुढं धरायचास आणि म्हणायचास, "सांग बघू, कुठली पिकलीय?" पिकलेली मिरची बोटाला जरा मऊ लागते आणि तिचा वास गोडसर असतो. हिरवी ताठ. मी सांगायची आणि तू खुडायचास. मला वाटायचं, माझा वेळ जावा म्हणून तू खेळ केलायस. मी मोठ्या दिमाखात सांगत पुढं सरकायची.

एकदा मी तापानं पडले आणि तू एकटा गेलास. पाटी भरून आणलीस. आबांनी ती अंगणात पालथी केली आणि ओरडले, "डोळं फुटलं का तुझं?" आणि मग आबाच गप्प झाले. आपल्या घरात ते वाक्य कुणी तोंडातून काढत नव्हतं. त्या गप्पपणात मी गोधडीखाली पडून विचार करत राहिले, की पाटीत निम्मी हिरवी कशी आली. ताप उतरल्यावर मळ्यात गेलो तेव्हा तुला सरळच विचारलं, पिकलेली कुठली ते तुला कळत नाही का. तुझ्या हातातली फांदी सुटून माझ्या तोंडावर आली.

"सगळ्या सारख्याच दिसत्यात गं," तू म्हणालास.

मी हसत सुटले. मला खरंच आनंद झाला होता, दादा. तुला वाईट वाटेल म्हणून तेव्हा बोलले नाही, आता सांगते. त्या दिवसापर्यंत तू मला धरून नेत होतास. त्या दिवसापासून आपण दोघं मिळून मिरची खुडायला जात होतो. फरक आहे.

पण तुझ्या डोक्यात मिलिटरी होती. आपल्या गल्लीत ज्या घरात जवानाची काळी ट्रंक नाही असं घर शोधावं लागायचं. एकाहत्तरच्या लढाईनंतर तर रजेवर आलेल्या जवानाच्या मागं पोरांची रांगच लागायची. तू आणि रहिमान पहाटे हायवेला पळायला जायचात. साताऱ्याला भरती निघाली आणि दोघं गेलात. रहिमान लागला. तू परत आलास, उंबऱ्यात उभा राहिलास आणि म्हणालास, नाव निघालं होतं, पण मीच नको म्हणालो, शकूला कोण बघणार?

आई तुला मिठी मारून रडायला लागली. आबांनी पहिल्यांदा तुझ्या पाठीवर हात ठेवला. पंचाईत अशी, की तुझा आवाज मला कुणापेक्षा जास्त ठाऊक होता. खोटं बोलताना तो एक पायरी वर चढतो. दुसऱ्या दिवशी विहिरीकडं जाताना मी तुला थांबवलं आणि तू सगळं सांगितलंस. उंची झाली, छाती झाली, पळण्यात तू पहिल्या पाचात. मग एका टेबलावर पुस्तक ठेवलेलं. त्यात पानभर ठिपके. रहिमान पान उलटलं की ठिपक्यांत लपलेला आकडा फडाफडा सांगत होता. तुला नुसते ठिपकेच दिसत होते. डॉक्टरनं दोनदा दाखवलं, मग बाजूला हो म्हणाला.

मी विचारलं, मग माझं नाव का घातलंस मधी?

"आईला काय सांगू? एकीचं डोळं देवीनं नेलं, दुसऱ्याचं जन्मापास्नंच अर्धं. ती अन्न सोडंल, शकू."

ते खोटं नव्हतं. माझ्या डोळ्यांसाठी आई आधीच मंगळवार उपाशी काढत होती. देवी टोचायला आले तेव्हा मला मळ्यात लपवलं होतं म्हणून हे झालं, असं ती स्वतःला खायची. तू माझ्याकडून शपथ घेतलीस, आईला कधी कळू द्यायचं नाही. मी घेतली. दोघांनाही वाटलं, चार दिवसांत लोक विसरतील.

लोक कशाला विसरतात? उलट गोष्ट अंग धरत गेली. पिठाच्या गिरणीत बायका माझ्यासमोर बोलायच्या, की भाऊ म्हणजे देवमाणूस आणि हिनं त्याचं नशीब खाल्लं. मला दिसत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, असा बायकांचा समज असतो. आई रागानं कधी काही बोलली नाही. पण वाढता वाढता सहज म्हणायची, तुझ्यापायी राहिला गं त्यो. आज ऊन फार आहे, असं म्हणावं तसं. मला कुठल्या गोष्टीवर रुसायची सोय नव्हती. भावानं एवढं केलं, आणि तू भाजीला नाव ठेवतेस? मी आतल्या आत धुमसायची आणि तू माझ्यासमोर बसून मुकाट्यानं जेवायचास.

मग गावात देवी टोचणारे साहेब आले. घरोघर विचारत फिरत होते, कुणाला आल्या होत्या, कधी आल्या होत्या. मला बघून ते ओट्यावर बसले. चहा पिता पिता त्यांनी आबांना सांगितलं, की सांगलीकडं आंधळ्या मुलींना शिकवतात. लिहायला, वाचायला, वेताच्या खुर्च्या विणायला. राहायची सोय आहे. मी दाराआड उभी होते. वाचायला हा शब्द ऐकल्यावर मी दाराची कडी घट्ट धरली, ते मला अजून आठवतं. दादा, मला तिथं जायचं होतं. मला आयुष्यात दुसरं काहीच इतकं हवंसं वाटलं नाही, त्याआधीही नाही आणि नंतरही नाही.

मी घरात विषय काढला. आबा म्हणाले, "भावानं तुझ्यासाठी मिलिटरी सोडली, आन् तू त्याला सोडून जाणार?" झालं. विषय संपला.

त्यावरून मिरचीच्या सरीत आपण भांडलो. तसं भांडण आपण त्याआधी केलं नव्हतं. मी म्हणाले, तू तरी खरं सांग, नाहीतर मी सांगते. तू शपथेची आठवण दिलीस. मी म्हणाले, "शपथ तुझ्या डोळ्यांची घेतली हुती, माझ्या जन्माची न्हवं." पाटी खाली टाकल्याचा आवाज आला आणि तुझे पाय लांब जायला लागले. मी हाका मारल्या. तू थांबला नाहीस. भर मळ्यात मला एकटीला टाकून तू निघून गेलास. आईनं हात हातात दिल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं.

मी थोडा वेळ उभीच राहिले, रागानं आणि भीतीनं. मग पाटाच्या पाण्याचा आवाज धरला. पाट डाव्या हाताला ठेवला, पायानं बांध चाचपत गेले. चिंचेच्या सावलीचा गारवा लागला तेव्हा वळले. तिथून पुढं आपल्या म्हशीचा वास. घरी पोचले, तेव्हा आईनं विचारलं, दादा कुठाय. मी म्हणाले, मागनं येतोय. मी आपली लाज झाकायला बोलले होते.

पुढं दोन-तीन दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. मग जेवताना तू ताट बाजूला सारलंस आणि म्हणालास, "शकूला सांगलीला सोडून येतो. मला कंटाळा आलाय. जन्मभर हिचा हात धरून फिरू का? मला बी माझं बघायचंय."

आईनं तुझ्या तोंडात मारली. उष्ट्या हातानं. आबा सुगी होईपर्यंत तुझ्याशी बोलले नाहीत. ज्या बायका तुला देवमाणूस म्हणत होत्या, त्याच गिरणीत म्हणायला लागल्या, की उतरला मुलामा, शेवटी परकी झालीच का नाही बहीण. ताट सारून बोलताना तुझा आवाज एक पायरी वर चढला होता, पण मी तेव्हा रडत होते, त्यामुळं मला ते कळायला उशीर लागला. यष्टीत बसलो, कराड मागं पडलं, तेव्हा कुठं ध्यानात आलं. तोवर तू खिडकीतून बघून सांगायला सुरुवातही केली होतीस. हळदीचं रान, मातीसारखं. कौलं, मातीसारखी. मी हसले. तूही हसलास.

संस्थेच्या दारात तू माझा हात कुणाच्या हातात दिला नाहीस. चौकटीवर ठेवलास. म्हणालास, "तोंड सांभाळून ऱ्हा." आणि गेलास. मी चौकट धरून तुझी पावलं रस्त्याच्या आवाजात मिसळेपर्यंत ऐकत उभी राहिले.

पुढचं तुला ठाऊकच आहे. वाचायला शिकले, वेत विणायला शिकले, तिथंच पोरींना शिकवायला लागले, माधवनगरला खोली केली. तू पहिल्यांदा भेटायला आलास तेव्हा मी माझं पुस्तक तुझ्या हातात दिलं. तू पानावरनं बोटं फिरवलीस आणि म्हणालास, मला ठिपक्यातलं काय कळत न्हाई, तुला ठावं हाय. आपण दोघं इतके हसलो की बाकीच्या मुली गोळा झाल्या. त्यांना कारण सांगता येईना. भरतीच्या गोष्टीवर आपण जन्मात केलेला तेवढा एकच विनोद.

दर भाऊबीजेला तू साडी आणायचास. माझ्या मांडीवर ठेवून रंग सांगायचास, डाळिंबी, नाहीतर मोरपंखी, काय मनाला येईल ते. शेजारणी म्हणायच्या, शकूताई, ही तर चक्क तपकिरी आहे. मी म्हणायची, तुमच्या उजेडात काहीतरी खोट आहे. आई गेल्यावर मी तुला म्हणाले, आता सांगून टाकू सगळ्यांना. तू म्हणालास, आता कशाला, गोष्ट लोकांची झाली. ते भांडण तसंच राहिलं. आणि कुंकवाचंही. गेल्या श्रावणात फोनवर मी मुद्दाम विचारलं, तेव्हाही तू म्हणालास, मातीसारखंच असतंय. तुझा हट्ट म्हणजे.

दहाव्याच्या संध्याकाळी बायका गेल्यावर मी वहिनीजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ती हादरेल. ती लसूण सोलत होती, ती तशीच सोलत राहिली. म्हणाली, "वन्सं, मला लग्नाच्या पहिल्या म्हैन्यातच कळलं हुतं. टोमॅटो आणायला धाडलं तर कच्चं घिऊन आलं." मी विचारलं, मला सांगलीला का धाडलं, ते दादा कधी बोलला का तुझ्याजवळ? मी सांगून टाकीन या भीतीनं? मला ते तुला कधीच विचारता आलं नव्हतं.

वहिनी म्हणाली, "तुमी मळ्यातनं एकट्या आलासा, तवा ते मागनं चालत हुते. तुमाला ऐकू जाईल म्हणून चपला काढून हातात घेतल्या हुत्या. म्हणायचे, एकदा बी ठेचकाळली न्हाई. मी उगंच धरून ठिवलीया."

दादा, तुझी पावलं मी हजारात ओळखत होते. ती तेवढी मला ऐकू आली नाहीत. त्या दिवशी मी आईला म्हणाले होते, मागनं येतोय. आणि तू खरंच मागनं येत होतास. मी वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. म्हातारी बाई मी, शोभत नाही, पण रडले.

तेराव्याला सरपंच पुन्हा बोलायला उठले. मी रहिमानला हाक मारली, म्हणाले, मला माइकपाशी ने. त्यानं नेलं. तुझी शपथ मोडली नाही, भिऊ नको. मी एवढंच म्हणाले, की दादानं माझ्यासाठी मिलिटरी सोडली का नाही, ते राहू द्या. त्यानं माझ्यासाठी मला सोडलं. त्यापायी घरच्यांचा मार खाल्ला, गावाच्या शिव्या खाल्ल्या. ते तुम्ही सगळे विसरलात, मी विसरले नाही. रहिमाननं माझा हात दाबला. कुणाची बांगडी वाजली नाही. सरपंचांनी माइक बंद करायला सांगितलं आणि पंगती बसल्या.

यंदा आपल्यात दिवाळी नाही. पण माझी साडी तू दवाखान्यात जायच्या आधीच आणून ठेवली होतीस. वहिनीनं कपाटातून काढून मांडीवर ठेवली. सुती आहे, काठ जाड आहे, अंगाला बरी वाटेल. वहिनी रंग सांगायला लागली. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हणाले, ते काम त्याचं होतं, राहिलं तर राहिलं.

उद्या सकाळच्या गाडीनं मी सांगलीला निघते, तेव्हा तीच नेसणार आहे. यष्टीत शेजारची बाई विचारेलच, कुठनं घेतली, छान रंग आहे. तिला सांगीन, भावानं दिलीय. कुंकवासारखी आहे. मातीसारखी म्हटलंस तरी चालेल. आता भांडायला तू नाहीस, तर तुझंच खरं.

तुझी,
शकू